पडद्यावरचे कुमारवय : फाळक्यांच्या मोहिनीपासून नागराजच्या आर्चीपर्यंत

नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. शाळा-महाविद्यालयांच्या सहली तिथे येतात आणि त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या माणसाने १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, एवढी माहिती पदरात पाडून परततात. आम्हांला मात्र त्याआधीचा एक छोटासा प्रयोग अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी फाळक्यांनी १९१२ मध्ये एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि रोज थोडी थोडी फिल्म उघडून महिनाभर त्याचे चित्रण केले. महिनाभराची ती वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटभरात घडली. त्या फिल्मचे नाव 'अंकुराची वाढ'. डोळ्यांना एरवी न दिसणारी वाढ दाखवू शकणारे यंत्र म्हणून सिनेमा आपल्याकडे अवतरला, असे म्हणायला हरकत नाही.

मग प्रश्न असा पडतो की, जे यंत्र रोपाची वाढ दाखवू शकले, त्याला माणसाची वाढ दाखवायला एवढा उशीर का लागला? बालपण आपल्या चित्रपटांत आहे, तारुण्य तर ओसंडून वाहते आहे. या दोहोंमधले, साधारण बारा ते सतरा वर्षांचे, आवाज फुटण्याचे आणि आरशात स्वतःला अनोळखी वाटण्याचे वय मात्र दीर्घकाळ पडद्यावर जवळजवळ नव्हतेच. याची कारणे समाजात आहेत, तशी ती तंत्रातही आहेत. कॅमेरा किती अंतरावर ठेवला, कात्री कुठे चालवली, आवाज कोणाचा वापरला, या गोष्टींनी कुमारवयाची प्रतिमा घडवली आणि कधी पुसूनही टाकली. या लेखात आम्ही त्याच गोष्टींचा इतिहास तपासू पाहतो आहोत.

शब्दांपासून सुरुवात करू. ज्याला आज आपण 'पौगंडावस्था' म्हणतो तो शब्द जुना असला, तरी त्याचा आजचा अर्थ नवा आहे. वैष्णव परंपरेत कृष्णाच्या वयाचे कौमार, पौगंड आणि कैशोर असे टप्पे मानले जातात. पाच वर्षांपर्यंत पहिला, दहापर्यंत दुसरा आणि त्यापुढे पंधरा-सोळापर्यंत तिसरा. मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके मराठीत आली तेव्हा 'पौगंड' हा शब्द वयाने पुढे सरकला. समाजव्यवहारात तर या वयाला जागाच अपुरी होती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींसाठी मर्यादा दहावरून बारावर नेली, तीही केवढ्या वादानंतर! १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले. म्हणजे ज्या काळात सिनेमा जन्मला, त्या काळात मुलगी एके दिवशी बालिका असे आणि दुसऱ्या दिवशी कोणाची तरी सून. मधला काळ घरातच कापला जात होता. पडद्यावर तो कुठून येणार?

या पार्श्वभूमीवर नाशिकमधली एक घटना पाहावी. 'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळके १९१३ मध्ये मुंबईहून नाशिकला आले आणि इथे त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. पहिल्या चित्रपटात तारामतीसाठी त्यांना स्त्री मिळाली नव्हती. अण्णा साळुंके या तरुणाने ती भूमिका केली होती. रंगभूमीची रीतही तीच होती. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले ते सतराव्या वर्षी. म्हणजे मिसरूड फुटण्याच्या वयाचा मुलगा आमच्या रंगभूमीला हवा होता, पण मुलगा म्हणून नव्हे, स्त्री म्हणून. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र पार्वतीच्या भूमिकेत दुर्गाबाई कामत आल्या आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला, पुढे कमलाबाई गोखले म्हणून ख्यात झालेली. १९०० साली जन्मलेली ही मुलगी तेव्हा अवघी तेरा-चौदा वर्षांची होती. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या अभिनेत्रींपैकी एक असलेली कमला अशी ऐन कुमारवयात होती; पण भूमिका होती असुराला भुलवून त्याचा हात त्याच्याच मस्तकावर ठेवायला लावणाऱ्या मायावी, प्रौढ स्त्रीची.

तो चित्रपट आज उपलब्ध नाही, त्यामुळे मोहिनीच्या मुद्रेत कमला कुठे डोकावत होती का, हे पाहण्याचा मार्ग उरलेला नाही. तरीही त्या काळचे तंत्र ध्यानात घेतले तर अंदाज बांधता येतो. चित्रण सूर्यप्रकाशात, कॅमेरा बहुधा एका जागी खिळलेला, नाटकाच्या पहिल्या रांगेतून दिसावी तशी पूर्णाकृती चौकट. अशा चौकटीत वेश दिसतो, हावभाव दिसतात, नृत्य दिसते. कुमारवयाच्या खुणा मात्र चेहऱ्याच्या बारकाव्यांत आणि आवाजात असतात. चेहरा दूर होता आणि पट मूक होता. मुलीला मोहिनी म्हणून दाखवणे जितके सोपे, तितकेच मोहिनीतली मुलगी दाखवणे त्या तंत्राला अवघड होते.

चेहऱ्याजवळ जाण्याची ओढ मात्र फाळक्यांना होती. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली आणि १९१९ मध्ये त्यांनी 'कालिया मर्दन' काढला. कृष्णाची भूमिका त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केली; वय सुमारे सात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे या चित्रपटाचा बराच भाग आज पाहायला मिळतो. त्याची सुरुवात विलक्षण आहे. कथा सुरू होण्याआधी मंदाकिनी प्रेक्षकांसमोर येते आणि निरनिराळ्या मुद्रा करून दाखवते. मग तिच्या प्रतिमेतून कृष्णाची प्रतिमा उमलते. आधी मूल दाखवायचे, मग त्याचा देव करायचा, असा हा क्रम आहे. उत्तरार्धात कृष्ण डोहात उतरतो तेव्हा फाळके दोन जागा आलटून पालटून दाखवतात : पाण्यात नागाशी झुंजणारा कृष्ण आणि काठावर जीव मुठीत धरून पाहणारे गोकुळ. काठावरची माणसे नसती तर पाण्यातल्या मुलाचे धाडस अधांतरी राहिले असते. पाण्यात एक मूल आणि काठावर पाहणारे मोठे, ही रचना लक्षात ठेवावी. मराठी चित्रपट तिच्याकडे पुन्हा पुन्हा परत येणार आहे.

बोलपट आला आणि आवाजाची सोय झाली. मुलांच्या आवाजाला तिचा फायदा मात्र झाला नाही. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये प्रभात आणि शांताराम यांनी जरठ-बाला विवाहाचा विषय घेतला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. थोराड नवऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा ते लग्न मान्य करायला ठाम नकार देते. शांता आपटे तेव्हा विशीत होत्या, हे खरे. तरी बळजबरीने मोठी केलेली मुलगी हाच तिथे विषय आहे. शांतारामांनी इथे एक धाडस केले. पार्श्वसंगीत टाळून त्यांनी घरातल्या आणि रस्त्यावरच्या प्रत्यक्ष आवाजांवर चित्रपट उभा केला. काय वाटून घ्यायचे हे प्रेक्षकाला सांगणारे संगीत नसल्यामुळे नीराचा राग कोणाच्या दयेचा विषय होत नाही, तो तिचाच राहतो. तंत्रातल्या एका नकारातून पात्राच्या नकाराला बळ मिळाले. ही वाट पुढे फारशी कोणी चोखाळली नाही.

पुढच्या काळात प्रभावी ठरली ती पार्श्वगायनाची पद्धत. तिच्यात मुलग्यांची गाणीही बहुधा स्त्रियांच्या कसलेल्या, गोड आवाजात गाऊन घेतली जात. सोयीच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे; पण त्याचा परिणाम असा झाला की तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा चिरका, मध्येच फाटणारा, स्वतःलाच लाजणारा आवाज आमच्या कानांवर पडलाच नाही. पडद्यावरचा मुलगा बालस्वरात गात राहिला आणि एका क्षणी एकदम नायकाच्या घोटीव आवाजात गाऊ लागला.

तो 'एक क्षण' म्हणजे कात्रीचा क्षण. 'आवारा'मध्ये (१९५१) लहानपणीचा राज शशी कपूर आणि पुढचा थेट राज कपूर. 'मदर इंडिया'त (१९५७) छोटा बिरजू साजिद आणि मोठा बिरजू सुनील दत्त. बालपणी झालेला अन्याय आणि तारुण्यात घेतलेला सूड यांना जोडणारा तो सांधा लोकप्रिय चित्रपटाला फार उपयोगी पडला. कार्यकारणभाव एका कटात सिद्ध होतो. त्या कटामध्ये किती वर्षे गडप झाली, याची चौकशी कोणी करत नाही. याच दशकात सत्यजित राय यांनी 'अपराजितो'मध्ये (१९५६) अपूसाठी दोन मुले घेतली, एक लहानपणासाठी आणि एक कुमारवयासाठी. आईपासून हळूहळू दुरावणारा, शहराची ओढ लागलेला आणि त्याबद्दल मनातून अपराधी असलेला तो मुलगा दोन कटांच्या मध्ये राहू शकला, कारण दिग्दर्शकाने त्याच्यासाठी जागा राखली होती. फ्रान्समध्ये त्रुफो यांच्या 'द फोर हंड्रेड ब्लोज'ने (१९५९) तर शेवटी समुद्राकाठी पोहोचलेल्या मुलाला कॅमेऱ्याकडे पाहायला लावले आणि ती चौकट तिथेच गोठवली. पुढे काय, याचे उत्तर चित्रपटाने दिले नाही. त्या वयालाही ते ठाऊक नसते.

मराठीत याच दशकात 'श्यामची आई' आला (१९५३). आचार्य अत्र्यांच्या या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, हे सर्वश्रुत आहे. मूळ पुस्तकाचा नाशिकशी असलेला संबंध मात्र वर्गात क्वचितच सांगितला जातो. साने गुरुजींनी त्याचा मोठा भाग १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून काढला. पुस्तकाची रचना आठवावी. मोठा झालेला श्याम रात्रीमागून रात्री मित्रांना आपल्या आईच्या गोष्टी सांगतो. म्हणजे मुलगा आपल्याला भेटतो तो प्रौढाच्या आठवणीतून, पश्चात्तापाने आणि कृतज्ञतेने धुऊन निघालेला. पोहायला शिकण्याचा प्रसंग घ्या. श्याम घाबरून लपतो, आई त्याला मारून विहिरीवर पाठवते, कारण मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला सोसत नाही. पुन्हा पाणी, पुन्हा काठ. विहिरीच्या तळाशी श्यामला काय वाटले, यापेक्षा काठावरच्या आईला काय वाटले, हे त्या कथेचे केंद्र आहे. माधव वझे यांनी श्याम केला तेव्हा ते स्वतः कुमारवयातच होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा हट्ट आजही खरा वाटतो. तरीही कथनाची सूत्रे प्रौढाकडेच राहतात. आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही. मराठीत कुमारवय सांगण्याची ती एक बलवत्तर रीत आहे आणि तिचे नाव आहे आठवण.

ही रीत किती टिकाऊ ठरली, ते पुढच्या चित्रपटांवरून दिसते. 'श्वास'नंतर (२००४) मराठी चित्रपटाला नवा उभार आला आणि पाहता पाहता शाळकरी मुले त्याच्या केंद्रस्थानी आली. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ ची; सुजय डहाके यांचा चित्रपट २०११ चा. कथा आणीबाणीच्या काळातली, नववीच्या वर्गातली. 'बालक-पालक' (२०१३) आणि 'टाइमपास' (२०१४) हेही मागच्या दशकांतले. मुले पडद्यावर आली, पण ती पालकांच्या पिढीच्या आठवणीतली मुले होती. 'शाळा' वाचणाऱ्याला जाणवते की कादंबरीचे सारे बळ मुकुंद जोशीच्या निवेदनात, त्याच्या बढाईखोर आणि हळव्या बोलीत आहे. चित्रपटाला ती बोली पूर्णपणे नेता येत नाही. त्याऐवजी तो नजरेचा आधार घेतो. शिरोडकर दिसते ती जोशीच्या जागेवरून, बाकांच्या रांगांपलीकडून. कॅमेरा त्याच्या उंचीवर आणि त्याच्या अंतरावर थांबतो. निवेदनातला 'मी' अशा रीतीने पाहण्याच्या जागेत उतरतो. कादंबरी आणि चित्रपट शेजारी ठेवून शिकवणाऱ्यांनी या बदलाकडे जरूर पाहावे. 'काय गाळले' यापेक्षा 'ते कशात रूपांतरित झाले' हा प्रश्न अधिक फळ देतो.

याच सुमारास उमेश कुलकर्णी यांच्या 'विहीर'ने (२००९) आठवणीची चौकट मोडली. समीर आणि नचिकेत हे दोघे मावसमामे भावंडांच्या गोतावळ्यात वाढणारे मित्रच. नचिकेत विहिरीत बुडतो आणि समीर त्या रिकाम्या जागेशी झुंजत राहतो. इथे कोणी मोठा माणूस कथा सांगत नाही. छायालेखक सुधीर पळसाने यांचा कॅमेरा लांबच लांब दृश्ये न तोडता धरून ठेवतो. शोकाला ठरावीक लांबी नसते, म्हणून दृश्यालाही नाही. शिवाय कॅमेरा पाण्याखाली उतरतो. फाळक्यांपासून काठावर उभा असलेला प्रेक्षक इथे मुलाबरोबर पाण्यात आहे. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'त (२०१४) वडील गमावलेला, आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला चिन्मय पाऊस, समुद्र आणि पडका किल्ला यांच्यामध्ये एकटा सापडतो. संवाद कमी आहेत. ढग आणि लाटाच बोलतात. बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला बालपरीक्षकांचे क्रिस्टल बेअर मिळाले. दुसऱ्या देशातल्या मुलांना आपले काही तरी त्यात दिसले, याचे श्रेय त्या अबोलपणालाही आहे.

तरीही या सर्व मुलांना एक गोष्ट न मागता मिळाली होती. त्यांना कुमारवय मिळाले होते. एकटे बसायला, रुसायला, समुद्राकडे पाहायला त्यांना वेळ होता. ज्याला तो वेळच नाही त्याचे काय, हा प्रश्न नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने (२०१३) विचारला. कैकाडी कुटुंबातल्या जब्याला शालू आवडते, जीन्स हवी आहे, काळी चिमणी हवी आहे. म्हणजे त्याला कुमारवयच हवे आहे. गावाला त्याच्याकडून डुकरे पकडून हवी आहेत. आणि हे सारे आठवणीत नव्हे, आजच्या काळात घडते. अखेरच्या भागात शाळेजवळ ते कुटुंब डुकराच्या मागे धावते आणि वर्गमित्र, गावकरी, शालूसुद्धा, उभे राहून गंमत पाहतात. आम्हांला इथे 'कालिया मर्दन' आठवल्यावाचून राहत नाही. मधोमध झुंजणारे मूल आणि सभोवार पाहणारी माणसे, रचना तीच. गोकुळाच्या नजरेत काळजी होती आणि मुलाचा देव झाला. इथे नजरेत टिंगल आहे आणि मुलाचा 'फँड्री' होतो. राष्ट्रगीत ऐकू येते तेव्हा ते कुटुंब हातातले काम सोडून स्तब्ध उभे राहते, डुक्कर निसटते. ध्वनिपट्टीने एवढ्या एका क्षणात जे सांगितले, ते भाषणातून सांगता आले नसते.

शेवटी जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो. तो दगड चौकटीच्या दिशेने, आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. त्रुफोच्या मुलाने कॅमेऱ्याकडे पाहिले होते. जब्याने त्याला उत्तर दिले. काठावर बसून पाहण्याची आमची सवय शंभर वर्षांची. ती सवय त्या दगडाच्या टप्प्यात आहे. सोमनाथ अवघडे या मुलाचा स्वतःचा, त्याच्या भागातल्या बोलीतला आवाज या चित्रपटात आहे, हेही नोंदवले पाहिजे. ज्या फुटणाऱ्या आवाजाला पार्श्वगायनाने झाकले होते, तो अखेर शिवीसकट ऐकू आला.

'सैराट' (२०१६) हे याचेच पुढचे पाऊल. पूर्वार्धात परशा धावत येऊन विहिरीत उडी घेतो, संथगतीत, वाद्यवृंदाच्या गजरात. श्यामला जिथे मारून पाठवावे लागले होते, तिथे हा मुलगा आनंदाने झेपावतो. बुलेटवरून, ट्रॅक्टरवरून येणाऱ्या आर्चीला ते संथगतीचे वैभव मिळते, जे आजवर नायकाच्या आगमनासाठी राखीव होते. मग पळून गेल्यावर गाणी हळूहळू नाहीशी होतात, हैदराबादची खोली, भांडणे, कामाचा शीण उरतो, आणि अंतिम दृश्यात तर आवाजच काढून घेतला जातो. रक्तात भिजलेली पावले उमटवत एक मूल बाहेर जाते. 'कुंकू'त शांतारामांनी संगीत नाकारले होते. इथे आधी भरभरून देऊन मग ते काढून घेतले आहे. प्रेक्षकाला ती उणीव शरीरात जाणवते.

रिंकू राजगुरू चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा पंधरा वर्षांचीही नव्हती. नाशिकला कमला मोहिनी झाली तेव्हा तीही जवळजवळ याच वयाची होती. या दोन मुलींमध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे. कमलाला तिचे वय लपवून पडद्यावर यावे लागले. रिंकूच्या वयाभोवती चित्रपट उभा राहिला. हा प्रवास मोठा आहे आणि त्यात जवळ येणाऱ्या कॅमेऱ्याचा, थांबायला शिकलेल्या कात्रीचा, प्रत्यक्ष आवाजाचा वाटा आहे.

पण इथे समाधानाने थांबावे असे आम्हांला वाटत नाही. 'झिंगाट' त्या चित्रपटापासून सुटे झाले आणि लग्नाच्या वरातींत वाजू लागले. शेवटची शांतता मात्र वरातीत कोणी नेली नाही. तंत्र अर्थ घडवते, तसे ते अर्थापासून वेगळे काढून वापरताही येते. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाले होते. म्हणजे पडद्यावर जो कट आता अनावश्यक वाटतो, तो घरोघरी अजून चालू आहे. आमच्या वर्गांत बसणाऱ्या काही मुली बारावीनंतर हजेरीपटावर दिसत नाहीत, त्याचे कारण आम्हांला ठाऊक असते.

सुजय डहाके यांनी 'शाळा'नंतर एका तपाने, २०२३ मध्ये, 'श्यामची आई' पुन्हा चित्रित केला, तोही कृष्णधवल. आठवणीची ती रीत संपलेली नाही आणि संपूही नये. मात्र मुलांविषयीचा चित्रपट वर्गात दाखवताना कथेइतकेच हेही विचारायला हवे की, कॅमेरा काठावर आहे की पाण्यात, आवाज कोणाचा आहे आणि कोणती वर्षे कापली गेली आहेत. फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपासमोर महिनाभर कॅमेरा ठेवला तेव्हा त्यांनी एकही दिवस गाळला नव्हता. मुलांच्या बाबतीत तेवढा धीर आमच्या सिनेमाने आत्ता कुठे दाखवायला सुरुवात केली आहे; घरांनी आणि शाळांनीही तो दाखवायचा आहे.